रक्कम पाठवण्याचं कारण

रुवीत शुक्रवारची नमाज सुटली
की रांग थेट ज्यूसवाल्यापर्यंत जाते.
मी खिडकी नंबर चार.
काचेला बोलण्यापुरती भोकं आहेत,
त्यांतून आधी घामाचा वास येतो,
मग नाव, मग रक्कम.

कॉम्प्युटर विचारतो : कारण?
खाली पाच उत्तरं. मी पहिलंच दाबते,
कुटुंबाचा निर्वाह.
निर्वाह म्हणजे काय ते विचारायचा मला पगार नाही,
तरी लोक सांगतात :
पत्रा. सुईण. बहिणीची दहावी.
एक शेळी, गाभण मिळाली तर बरी.

बिदेश्वर थारू, कैलालीचा, परांच्या बांधतो.
दर महिन्याला साठ रियाल पाठवायचा
आणि दर महिन्याला निरोप यायचा, तांदूळ संपला.
एकदा पावतीच्या पाठीवर मी आकडे मांडले :
एजंटाचं कर्ज, शेकडा पाच, तेही महिन्याचे.
म्हटलं, दादा, पोतं खालून उसवलंय
आणि तू वरून ओततोयस.
त्याने पावती घडी घालून टोपीत ठेवली.

पुढे कॅम्पात काय शिजलं मला माहीत नाही.
बारा जण आले. महिन्याला प्रत्येकी वीस,
दोनशे चाळीस रियाल, एका वेळी एकालाच.
भिशीच की ही!
इचलकरंजीत आमच्या गल्लीची भिशी
मागांच्या खडखडाटात फुटायची,
स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, काढायला सगळ्यांत लहान पोर.
तीन वर्षं ती पोर मी होते.
हाताला यश आहे गं, म्हणायच्या बायका.
ज्यांची निघायची नाही, त्या डब्याकडे बघत राहायच्या.

यांच्यात चिठ्ठी नाही.
ज्याचं व्याज जड, त्याची पाळी आधी.
नशिबाला एकदा विचारूनच इथवर आलो मॅडम,
राजय्या म्हणाला, आता पुन्हा नको.
दोनशे चाळीस फिटले की महिन्याचे बारा सुटतात.
बारा रियाल म्हणजे तिकडे तांदळाचं एक पोतं,
जे आजवर दर महिन्याला
दुसऱ्याच्या दारात उतरत होतं.

सातवी पाळी मोफज्जलची.
त्या दिवशी रांगेत तिगिस्त, तासाभराची सुट्टी,
बोटांना अजून क्लोरीनचा वास.
मी पण वीस देते, म्हणाली. बाई चालते का?
मोफज्जल भडकला. का भडकू नये?
सहा महिने त्याने न चुकता भरले होते.
ही आज आली, आजच नेणार?
मग त्यानेच विचारलं, शेकडा किती म्हणालीस?
दहा.
महिन्याचे?
तिने मान हलवली.
त्याने उरलेला ज्यूस एका घोटात संपवला.
लिहा हिला. माझी पुढच्या महिन्यात.
पुढच्या म्हणजे पुढच्याच.

दोनशे साठ. कॉम्प्युटर अडला :
रक्कम नेहमीपेक्षा जास्त. कारण?
पाच उत्तरांत कर्जफेड नाही.
मी 'इतर' दाबलं, आणि चौकटीत लिहिलं,
पोतं शिवणे.
मॅनेजरने परत पाठवलं.
मग लिहिलं कुटुंबाचा निर्वाह, आणि पैसे निघाले
अदिसच्या पलीकडच्या, मला उच्चारता न येणाऱ्या एका गावाकडे.

राजय्याची शेळी व्यायली.
त्याने फोटो काचेला चिकटवून दाखवला,
शेळी थोडी, बायकोचा अंगठा जास्त.
मागची माणसं ओरडली, तरी हलेना.

रात्री आईचा फोन.
तिला सगळं सांगितलं, शेकडा पाच, शेकडा दहा, सगळं.
ती जरा गप्प राहिली, मागे एखादाच माग चालू होता.
मग म्हणाली, ते असू दे,
पण चिठ्ठी कोण काढतं?